बाणातला ण

आधीच सांगते, माझ्यासमोर भुताखेतांच्या गोष्टी सांगायची कुणाची टाप नाही. स्टाफरूममध्ये असला विषय निघाला की मी सरळ वह्यांचा गठ्ठा पुढ्यात ओढते. वसईतल्या माणिकपूरच्या एका शाळेत सत्तावीस वर्षं मराठी शिकवतेय, मूळची साताऱ्याची. मला एकच खोड — समोरचा 'पानी' म्हणाला की माझ्या तोंडून 'पाणी' निघालंच पाहिजे. भाजीवाली असो नाहीतर रिक्षावाला. इथल्या जुन्या गावांतली माणसं 'ण'चा 'न' करतात, ती त्यांची बोली आहे, सगळं कळतं... पण जीभ ऐकत नाही.

गेल्या ऑक्टोबरातला रविवार. आमच्या एक मॅडम युरोप फिरून आल्या होत्या आणि तिथल्या जुन्या चर्चचे फोटो दाखवून दाखवून त्यांनी जीव नको केला होता. मी घरी धुसफुसले, तर आमचे हे म्हणाले, चल, तुला रिक्षाने युरोप दाखवतो. ह्यांची आदल्या वर्षी बायपास झालेली. तेव्हापासून ते काहीही सुचवोत, मी नाही म्हणत नाही.

वसईच्या किल्ल्यात पोचलो तेव्हा सकाळचे साडेअकरा झाले होते, लख्ख ऊन. पोर्तुगीजांच्या वेळचं ते चर्च — छप्पर कधीच गेलेलं, चार उंच भिंती, जमिनीत परक्या अक्षरांच्या थडग्यांच्या शिळा. बाहेर एक बाई गवत कापत होती, आत आम्ही दोघंच. बाजूच्या दारातून पलीकडे मोकळं अंगण होतं, कमरेइतकं गवत माजलेलं. ह्यांना माझा फोटो वरच्या कमानीसकट हवा होता. मी दारात भिंतीला डावा खांदा टेकवून उभी राहिले आणि हे मोबाइल डोळ्यांसमोर धरून त्या गवतात एकेक पाऊल मागे जाऊ लागले. अजून कमान पूर्ण येत नाही, म्हणत होते.

वर पारवे घुमत होते, ते एकदम थांबले. इतकं शांत झालं की माझ्याच बांगड्या मला मोठ्याने ऐकू आल्या. अंगावर काटा आला, का ते कळेना. अहो, पुरे आता, असं म्हणणार होते, तेवढ्यात माझ्या डाव्या कानाशी, अगदी जवळ, कुणीतरी म्हणालं,

"बाई, पानी."

आवाज बाईचा की पुरुषाचा, सांगता येणार नाही. घोगरा, दमलेला. मला वाटलं, गवत कापणारी तहानलेली असेल. आणि मान न वळवता, वर्गातल्या आवाजात मी ओरडले, "पाणी! बाणातला ण!"

हे थांबले. "अगं देतो ना, ओरडतेस काय?" म्हणत पिशवीतली बाटली काढत दोन पावलं पुढे आले. त्यांच्या मागचं गवत हललं, माती सरकली... आणि क्षणभराने खाली खोल पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज आला.

विहीर होती. कठडा ढासळलेली, वेलींनी पार झाकलेली. ह्यांची टाच तिच्या काठावर होती. चूक आमचीच, पायवाट सोडून गेलो होतो. ह्यांचा शर्ट मुठीत धरून मी रडले, सत्तावन्न वर्षांची बाई, चक्क भोकाड पसरून.

मग आठवलं — डावा कान! डावीकडे तर भिंत होती. माझा खांदा तिला टेकलेला. मध्ये कुणी उभं राहणं शक्यच नव्हतं.

बाहेर ती बाई होती तिथेच होती. तिला विचारलं. "सकाळपास्नं मीच हाय, आत दुसरं कोन नाय गेलं," म्हणाली. तिचा आवाज बारीक, चढा. तिचा 'कोन' ऐकून मी गप्प राहिले, आणि हे माझ्याकडे बघतच राहिले.

हे सगळ्यांना हसत सांगतात, हिच्या खोडीनं वाचवलं मला. मला मात्र हसू येत नाही. त्या आवाजाने 'थांबवा' म्हटलं असतं, तर मी आधी वळून कोण ते बघितलं असतं. 'विहीर' म्हटलं असतं, तर कुठे म्हणून विचारलं असतं. तेवढ्यात हे गेले असते. विचार न करता मी ओरडेन असा एकच शब्द, तोही 'न' लावून... जुन्या विद्यार्थ्यांचे आवाज आठवून बघितले, गेलेली माणसं आठवून बघितली. काही जुळत नाही. मला इतकं ओळखणारं तिथं कोण होतं, ते अजूनही कळलेलं नाही.