तापीच्या पाण्यावरचा तेलाचा तवंग

भूत, करणी, अंगात येणं... या साऱ्यावर मी आयुष्यभर हसत आले. आजही जे लिहिते आहे त्याला देव म्हणायला माझी जीभ धजत नाही.

ठिकाण — तापीवरच्या धरणाचा फुगवटा, रावेरच्या बाजूचा काठ. उन्हाने पाणी कथिलासारखं झालेलं. माझा धाकटा भाऊ अनिल तिथे मासेमारीची नाव चालवतो. नावेत समुद्रावरून आणलेलं जुनं डिझेल इंजिन. त्याला थंड करणारं पाणी धुरासोबतच मागच्या नळीतून बाहेर पडतं. आणि अलीकडे त्या पाण्यावर तेलाचा तवंग येत होता.

यावलचे मिस्त्री सलीमभाई इंजिन चालू ठेवायला सांगून काठावरून पाहत होते. "इंजेक्टर गळतोय. डिझेल आहे ते."

मी ते पाणी केळीच्या पानावर धरलं. बागेतल्या पंपाचं आम्ही असंच पाहतो. डिझेल पातळ पसरतं. हे मात्र शिरेला काकवीसारखं चिकटून राहिलं, करपट वासाचं.

"सलीमभाई, हे इंजिन ऑइल आहे."

"अक्का, तुम्ही तुमच्या कविता करा," ते हसले. "पानावर इंजिन वाचू नका."

"पन ऑइल कमी होतंच ना," नावेतून अनिल ओरडला. "रोज इंजिनात पट्टी बुडवून पाहतो, रोज भरतो."

"पट्टी कुठं पाहतोस?" मी विचारलं.

"इथंच. काठावर."

काठावर — म्हणजे नाव चिखलात ओढून, तिचं नाक वर असताना! तिरप्या इंजिनात ऑइल एका बाजूला सरकतं आणि पट्टी खोटं बोलते, कमी दाखवते. कमी नसलेल्या ऑइलवर तो रोज ऑइल ओतत होता, आणि तेच जास्तीचं ऑइल धुरासोबत पाण्यावर येत होतं.

मी "बंद कर" म्हणेपर्यंत आवाज चढला. अनिलने डिझेल तोडलं, तरी इंजिन थांबेना. ते स्वतःचंच ऑइल पिऊन उधळलं होतं. निळा धूर, दात हलवणारी किंचाळी. शेतातल्या पंपाची हवा कोंडतात तसा अनिल गोणपाट घेऊन इंजिनावर वाकला.

तेव्हा त्याला कोणीतरी मारलं.

मी काठावर, सलीमभाई माझ्याशेजारी. नावेत तो एकटा. पहिल्या तडाख्याने त्याचं तोंड फिरलं. दुसऱ्याने ओठ फाटला. धुरात उडालेलं रक्त मी पाहिलं. तरी तो गोणपाट सोडेना. मग त्याचे केस ताणून उभे राहिले — मुठीत धरल्यासारखे — आणि माझा आडदांड भाऊ फळ्यांवरून फरफटत पाण्यात फेकला गेला.

त्यानंतर इंजिनाची कूस फुटली. आतला लोखंडी दांडा, जिथे त्याचा चेहरा होता, तिथून सणसणत गेला.

सलीमभाईंनी त्याला ओढून काढलं. रक्त थुंकत तो म्हणाला, "मले कोनं मारलं वं, अक्का? तू?"

"मी इथं होते रे..."

सलीमभाईंनी खांद्यावरचा रुमाल त्याच्या ओठावर दाबला. मग एवढंच म्हणाले, "मी पण पाहिलं."

काठावरचे लोक तापीमाय म्हणतात. डॉक्टर स्फोटाचा धक्का म्हणाले. पण मार आधी बसला, स्फोट नंतर झाला. तवंगाचं कारण मला सापडलं, याचं अजून नाही. अनिलच्या टाळूवर, जिथे ती मूठ पडली, तिथे केस उगवत नाहीत. हात फिरवला की चार खळगे लागतात. मी माझी बोटं त्यांत ठेवून पाहिली आहेत. ती लहान पडतात.