मथुराबायचं पथ्य

दत्ताराम वैद्यांकडे नवा पेशंट आला की पहिल्या दिवशी त्याला औषध मिळत नसे. मिळायचे ते प्रश्न. उठता कधी, झोपता कधी, पहिला घास कशाचा, दुपारी डोळा लागतो का, राग आला तर गिळता की बोलून मोकळे होता? मालाडच्या मासळीबाजारामागच्या त्या एका खोलीत पाऊण पाऊण तास हे चालायचं. बाकावरचे लोक कंटाळून निघून जायचे, तरी वैद्य घाई करत नसत. जुनाट दुखणं माणसाच्या दिवसात लपलेलं असतं, असं त्यांचं म्हणणं. कारण काढलं की अर्धं दुखणं जातं, उरलेल्या अर्ध्याला औषध. दम्याची, पित्ताची, त्वचेच्या विकारांची कितीतरी माणसं या रीतीने त्यांच्या हाती सुधारली होती.

मथुराबायला त्यांच्या बायकोने, रुक्मिणीने आणलं. मथुरा मढची कोळीण, पन्नाशीची, मालाडच्या बाजारात मासे विकायची. एका रविवारी रुक्मिणीचे बांगडे कापताना तिच्या हातून कोयता दोनदा सुटला. रुक्मिणीने तिला तिथूनच उठवून दवाखान्यात नेलं.

बोटांची पेरं सुजून लाल झाली होती. सकाळी तासभर मूठच वळत नाही, म्हणाली. वैद्यांनी ओळखलं, आमवात. मग तिचा दिवस विचारून घेतला. पहाटे बंदरावर माल उचलायचा, दुपारपर्यंत हात बर्फात नाहीतर पाण्यात, घरी आल्यावर झोप, दोन्ही वेळा मासळी.

"मथुराबाय, मासे, दही, दुपारची झोप बंद कर," वैद्य म्हणाले. "आणि बर्फात हात अजिबात घालायचा नाही."

मथुरा हसली. "बरफात हात नाय घातला तर मासली इकणार कोन? तू?"

वैद्यही हसले. पण कागदावर सगळं लिहून दिलं. सुंठीच्या काढ्यातून एरंडेल, आणि तापवलेल्या वाळूच्या पुरचुंडीचा शेक. जमेल तेवढं मथुराने इमानाने केलं. नाक दाबून एरंडेल प्यायली. रबरी मोजे घालून पाहिले, पण त्यातून मासा निसटायचा आणि गिऱ्हाईक खोळंबायचं. चार दिवसांत तिने ते काढून टाकले.

मग जून उजाडला. पावसाळी मासेमारीबंदी लागली, होड्या दोन महिने किनाऱ्याला लागल्या, तशी मथुराही घरी बसली. जुलैच्या शेवटी ती दवाखान्यात आली आणि तिने वैद्यांसमोर घट्ट मूठ वळून दाखवली. सूज जवळजवळ गेली होती. वैद्यांना काय करू नि काय नको झालं. रात्री जेवताना रुक्मिणीला म्हणाले, "बघ, कारण काढलं, रोग पळाला."

नारळी पौर्णिमा झाली, होड्या समुद्रात गेल्या आणि मथुरा बाजारात. दिवाळीपर्यंत हात पहिल्यापेक्षा वाईट झाले. आता मनगटंही धरली होती.

"तू पथ्यच पाळत नाहीस, मी काय करणार?" वैद्य तिच्यावर चिडले. बाकावर चार माणसं ऐकत होती. एरवी एका शब्दाला चार शब्द देणारी मथुरा त्या दिवशी नुसती उठली. पिशवी कोपराला अडकवून निघून गेली.

रुक्मिणीला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "तिका मोठ्या डॉक्टराकडे तरी धाडा."

"पुढच्या बंदीत सूज उतरेल. यंदा नाही का उतरली?"

बंदी पुन्हा आली. मथुरा दोन महिने घरी बसली, काढा पीत राहिली, शेक घेत राहिली. सूज मात्र हलली नाही. उजव्या हाताची दोन बोटं बाहेरच्या बाजूला वाकली. ती वैद्यांनी आपल्या हातात धरली, सरळ करून पाहिली, आणि त्याच दिवशी पालिकेच्या रुग्णालयासाठी चिठ्ठी लिहिली.

मथुराची सून हेमांगी तिला घेऊन गेली. आठवड्याने हेमांगी हातांचे एक्स-रे आणि रिपोर्ट घेऊन एकटीच दवाखान्यात आली.

"डॉक्टर बोलले, गोळ्यांनी सूज थांबेल. पण सांधे झिजलेत ते परत नाही येणार." तिने रिपोर्ट पुढे केला. "वर्षभर आधी आणायला पाहिजे होतं, असं पण बोलले."

तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर वैद्यांना बरं वाटलं असतं. त्यांना म्हणायचं होतं, मी तिला सांगितलं होतं, तिने ऐकलं नाही. त्यांनी रिपोर्ट घडी घालून परत दिला. माझीच चूक झाली, हेही त्यांच्या तोंडून निघालं नाही.

महिन्याभराने ते मढच्या बसने तिच्या घरी गेले. मथुरा उंबऱ्यात बसली होती, दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवून. बाजारातली तिची जागा आता गावातलीच द्रौपदी चालवत होती.

"बस," ती म्हणाली. मग जरा उत्साहाने सांगू लागली, "वैद्यबुवा, आता बरफ नाय, पानी नाय. दुपारची निजत नाय. मासली पन सोरली. समदा पथ्य पालते. आता वलंल ना मूठ?"

'धीर धर, वेळ लागतो,' हे तीस वर्षांचं सवयीचं वाक्य वैद्यांच्या ओठांवर आलं होतं.

"नाही, मथुराबाय," ते म्हणाले. "आता नाही."

तिने मान हलवली आणि पदर हातांवर ओढून घेतला. हेमांगीने चहा आणला. सासूचा कप तिने स्वतःच तिच्या तोंडाशी धरला. वैद्यांनी आपला चहा संपवला, कारण तसाच ठेवून उठणं बरं दिसलं नसतं.

पुढच्या पावसाळ्यापर्यंत मथुराचे गुडघेही धरले. गोळ्यांनी दुखणं कमी होतं, पण त्यांनी पोट बिघडतं, मग ती मधूनच गोळ्या सोडते. वैद्य महिन्यातून एकदा मढला जातात, तासभर बसतात. ती कुणाच्या होडीला किती पापलेट मिळालं ते सांगते, ते ऐकतात. औषधाचं कुणीच काढत नाही. बसची वेळ झाली की हेमांगी त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडायला येते.