शनिवारी धुतलेली जाळी

सुकदेव राघो सपकाळे यांच्यावर अन्याय झाला तो १९९६ साली, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सव्वाअकरा वाजता. जागा, जळगावात पिंप्राळ्यातल्या आमच्या वाचनालयाचा हॉल. बघायला पंधरा-सोळा माणसं होती आणि त्यांत मीही होते. वाचनालयाचं नाव छापायला संपादकांनी नकार दिला आहे. हरकत नाही, पिंप्राळ्यात कोणत्याही रिक्षावाल्याला विचारा, दारात आणून सोडेल. ही अशी तारीख-वेळ पहिल्याच ओळीत टाकायची सवय मला पत्रकं लिहून लागली. पत्रकात कोणावर, कधी आणि कोणी, हे तिन्ही वरच असावं लागतं. यातलं 'कोणी' मी आज खाली लिहिणार आहे. दोन वर्षं जे लिहवलं नाही, ते वर यायला आणखी थोडा वेळ घेईल...

नाना गेल्याचं मला धुळ्यात कळलं. संघटनेच्या कामासाठी मी आता तिथेच राहते. खोलीखाली एसटीडी बूथ आहे. बूथवाल्यानं खालूनच हाक मारली, "ताई, जळगावना फोन शे, लवकर या." फोनवर वाचनालयाचे ग्रंथपाल काका होते. ते एवढंच म्हणाले, "मंगला, सुकदेवनाना गेले. पहाटे. छातीनं." मी मिळाली ती एसटी धरली, पण पिंप्राळ्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. नाना डाळमिलमध्ये जळक्या मोटारी पुन्हा गुंडाळायचं काम करत. तुरीच्या भुश्यात उभं राहून उभा जन्म काढला. डॉक्टरांनी कागदावर दमा लिहिला. मी धूळ लिहिते.

माझी त्यांची ओळख वाचनालयातलीच. मी पहूरची, शिकायला जळगावात आलेली, आणि हॉलमध्ये रोज येणारी बहुधा एकटीच मुलगी. नाना कामावरून सुटले की हातपाय धुऊन यायचे, खिडकीजवळच्या बाकावर बसायचे आणि सगळी वर्तमानपत्रं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचे. शहाण्णव साली वर्गणी जमवून वाचनालयानं संगणक घ्यायचं ठरवलं. अध्यक्षांचा आग्रह होता की मोठ्या शहरातून तयार मशीन आणावी, हॉलच्या कोपऱ्यात काचेची केबिन करावी, तिला एसी बसवावा. सभासदांची बैठक चालू असताना नानांनी वर्तमानपत्राची घडी केली आणि उठून म्हणाले, "साहेब, एसी लागला की दार लागते. दार लागलं की कुलूप. मंग किल्ली कोनाजवळ राहीन?" लोक हसले. अध्यक्षही हसले, म्हणाले, "अहो सपकाळे, कम्प्युटरला एसी लागतोच, तुमची डाळमिलची मोटार नाही ती!" नाना म्हणाले, "तेच म्हनतो मी. सुटे भाग आनू, आपन जुळवू, अन् अशी मशीन करू की जी या हॉलात, या बाकावर, मे महिन्यात चालीन." अध्यक्षांना वाटलं, करू द्या, दमतील. त्यांनी परवानगी दिली. भाग निवडायला नानांसोबत जायला मी हात वर केला, कारण मला माझी पत्रकं त्या मशीनवर काढायची होती. कारण स्वार्थीच होतं, उगाच मोठं करून सांगत नाही.

एप्रिलमध्ये आम्ही धुळ्याला गेलो. आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत भटूभाऊ म्हणून एक दुकानदार मुंबईहून आणि इंदूरहून संगणकाचे भाग आणायचा. आत शिरल्याशिरल्या नानांनी सांगितलं, "भाऊ, वरचा पंखा बंद करा." भटूभाऊला वाटलं थट्टा आहे. नाना म्हणाले, आमच्या हॉलात मशीनच्या डोक्यावर पंखा नाही, तर इथेही नको. मग त्यांनी एकेक भाग जोडून अर्धा-अर्धा तास चालू ठेवायला लावला आणि त्यावर तळहात ठेवून मनातल्या मनात दहापर्यंत आकडे म्हणायला लागले. मोटारवाल्यांची ही जुनी पद्धत. चालत्या मोटारीच्या अंगावर दहा म्हणेपर्यंत हात राहिला तर आतली तार सुखात आहे, त्याआधी ओढून घ्यावा लागला तर ती मोटार उन्हाळा काढत नाही. भटूभाऊच्या कपाळावरून घाम ओघळत होता. तो म्हणाला, "काय नाना, डागतर व्हई ग्यात का? मशीनना ताप काय मोजी राह्यनात!" नाना तळहात न उचलता म्हणाले, "आज मोजला तं नुसता घाम येते. मे महिन्यात मोजला तं हाताले फोड येईन." नव्या, वेगवान पेन्टियम चिपवरून त्यांनी चार म्हणतानाच हात ओढून घेतला. जुन्या फोर-एटी-सिक्सवर हात दहापर्यंत निवांत राहिला. हार्ड डिस्क दोन बघितल्या आणि हळू फिरणारी, कमी तापणारी घेतली. वीज पुरवणारा एसएमपीएसचा डबा त्यांनी भाजीवालीसारखा हातात तोलून घेतला. जड तो घेतला, हलका परत ठेवला. कॅबिनेट सगळ्यांत मोठं, आतून रिकामं रिकामं, वारा खेळेल असं. मला राग आला होता. मी भर दुकानात म्हणाले, "नाना, सगळ्या जगाला पुढची मशीन आणि आम्हालाच मागची का?" ते म्हणाले, "तुले पळनारी पाहिजे का उघड्यावर उभी राहनारी?" परतीच्या बसमध्ये मी पारोळ्यापर्यंत त्यांच्याशी बोलले नाही. कॅबिनेटचं खोकं त्यांनी मांडीवर घेतलं होतं, झोपलेल्या नातवाला घ्यावं तसं.

जुळवणी हॉलमध्ये, सगळ्यांसमोर झाली. इंग्रजी माहितीपत्रक मी वाचायची, अर्थ नाना लावायचे. जळगावच्या विजेचा भरवसा नाही म्हणून स्टॅबिलायझर त्यांनी स्वतः गुंडाळला, त्यात तांबं असं भरलं की दोघांनी उचलावा लागायचा. शेवटी कॅबिनेटच्या समोरच्या फटींवर मच्छरदाणीच्या दुहेरी कापडाची, तारेच्या चौकटीत ताणलेली जाळी बसवली. अशा दोन केल्या. एक मशीनवर, एक धुवायला. दर शनिवारी नाना धुतलेली लावायचे आणि मैली धुवायला घरी न्यायचे. येईल त्याला ते बजावायचे, "समोरची जाळी झाकायची नही. तिथून ते श्वास घेते." तो मे महिना मी विसरणार नाही. बाहेर डांबर चिकटत होतं आणि हॉलमध्ये, पुस्तकांच्या कपाटाशेजारी, दार सताड उघडं असताना मशीन चालत होती. सावकाश चालत होती, मराठी अक्षरांचं एक पान उघडेपर्यंत दोन गप्पा व्हायच्या, पण एकदाही बंद पडली नाही. फळ्यावर नावं लिहून अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाळ्या लागायच्या. निवृत्त एसटी कंडक्टर यायचे, बी.एड.च्या मुली अर्ज काढायला यायच्या. जिथे मी एकटी बसायची तिथे आम्ही नऊजणी झालो. अध्यक्षांना ते फारसं रुचलं नव्हतं. "पोरींचा फार हात लागतो मशीनला," असं ते दोनदा म्हणाले, मी ऐकलंय.

मग दसरा आला. नाना दर दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीला जायचे, तसे गेले. इकडे हॉलमध्ये मशीनची पूजा ठरली. ग्रंथपाल काकांनी झेंडूचा लांबलचक हार माझ्या हातात दिला, "तू घाल, मशीन तुमची आहे." मी अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं वाटणारी. पण 'मशीन तुमची' ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी हार घेतला. पुढून घालायचा तर जाळी झाकली जाणार, आणि जाळी झाकायची नाही हे तर पाठ होतं. म्हणून मी तो मागून घातला, दोन वेढे देऊन, नीट दिसावा म्हणून उरलेला दोरा मागच्या झरोक्यात खोचला. मागे काय आहे याचा विचारच केला नाही. मागे एसएमपीएसच्या डब्याचा पंखा होता. दिवसभर लोक बघायला येत होते, मशीन चालू होती. दुपारी चारच्या सुमाराला जळका वास आला आणि पडदा काळा झाला. मी घाईनं हार ओढला. तो तुटून आला. मी टोपलीत टाकला आणि पुन्हा त्याकडे बघितलं नाही...

दुसऱ्या दिवशी नाना नागपूरच्या गाडीनं उतरले ते स्टेशनवरून सरळ वाचनालयात आले. अंगात पांढरा सदरा, रात्रभराच्या गर्दीत चुरगळलेला, खांद्याला पिशवी. अध्यक्ष खुर्ची टाकून बसलेच होते. नानांनी पिशवी खाली ठेवली, खिशातून पेचकस काढला, एसएमपीएसचा डबा उघडला. मी दोन हातांवर उभी होते, म्हणून मला दिसलं. पंख्याच्या दांड्याला पांढरा दोरा गच्च गुंडाळला होता आणि त्यात झेंडूच्या पाकळ्या. नानांनी वर बघितलं. माझ्याकडे. मग बोटानं दोरा सोडवला, मुठीत घेतला, मूठ सदऱ्याच्या खिशात नेली आणि उठून म्हणाले, "पंखा हलका निघाला साहेब. निवड माही चुकली." अध्यक्ष म्हणाले, "मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो! मोटारी गुंडाळणाऱ्या माणसाकडून कम्प्युटर निवडून घेतला, दुसरं काय होणार? यापुढे तुम्ही हात लावायचा नाही." नाना म्हणाले, "बरं." हॉलमध्ये कोणी बोललं नाही. तहसील कचेरीसमोर कर्णा घेऊन ओरडणारी मी, मीही बोलले नाही. सव्वाअकरा वाजले होते, समोरच घड्याळ होतं.

पायरीवर मी त्यांना गाठलं. म्हणाले, नाना, मी आत जाऊन सांगते. ते चप्पल घालत होते. "सांगून काय होईन? म्हनतीन, पोरींनी बिघडवली. आज तू बंद, उद्या बठ्ठ्या बंद. माह्या नावानं मी एकलाच बंद." आणि गेले. त्यांचा हा एकच अंदाज चुकला. आठवड्याभरात भिंतीवर सूचना लागली की श्री. सपकाळे यांचा संगणकाशी कोणताही संबंध राहिलेला नाही. महिन्याभरात काचेची केबिन झाली, एसी लागला, दार लागलं, कुलूप लागलं, किल्ली अध्यक्षांच्या कारकुनाकडे गेली. आत नानांचीच मशीन, नुसता नवा डबा बसवून, पूर्वीसारखीच चालते. वाचनालयाची पत्रं काढायला आठवड्यातून एकदा उघडतात, चपला बाहेर काढून. मुली बंद झाल्या. कंडक्टर बंद झाले. नाना त्या पायऱ्या पुन्हा चढले नाहीत, वर्तमानपत्र वाचायलासुद्धा. या दोन वर्षांत मी पाण्याच्या टँकरवर पत्रक काढलं, वसतिगृहाच्या जेवणावर काढलं, पहूरच्या बसवर काढलं. यावर एक ओळ काढली नाही. मग धुळ्याला निघून गेले.

शेवटची भेट या उन्हाळ्यातली. नाना खाटेवर उशीला टेकून बसले होते, दोन शब्दांमध्ये थांबून श्वास गोळा करत होते. मी संघटनेचं काहीबाही सांगत होते. ते मध्येच म्हणाले, "वाचनालयात गेल्ती का? जाळी... कोन धुते?" केबिनच्या काचेतून मी नुकतंच बघितलं होतं. जाळी राखाडी झाली होती, भोकं दिसत नव्हती. मी म्हणाले, "धुतात नाना, शनिवारी." त्यांनी मान हलवली. मी त्यांच्याशी शेवटचं बोलले ते हे खोटं.

ते गेल्यावर मी त्यांच्या घरी गेले तेव्हा अक्का, म्हणजे नानांची बायको, ओट्यावर बसली होती. अंगणात तारेवर दोन सदरे, एक टॉवेल आणि त्यांच्यामध्ये चिमट्यानं लावलेली तारेची चौकट, पांढरीशुभ्र. ती दुसरी जाळी. मी बघतेय हे पाहून अक्का म्हणाली, "दर शनवारी धुये तो. मी म्हने, मशीन कुठी, तुमी कुठी, अन् धुता काय रिकामी? तं म्हने, बोलावनं आलं तं मैली नेऊ का?" दोन वर्षं. दर शनिवारी. शेवटी शेवटी नळापर्यंत चालवत नव्हतं तर तिच्याकडून बादली मागून घ्यायचे... अक्कानं जाळी काढून माझ्या हातात दिली. तिला दोऱ्याचं माहीत नाही. नानांनी तिलाही सांगितलं नव्हतं. हा लेख छापून येण्याआधी मी जाऊन सांगणार आहे.

तर 'कोणी' ते आता लिहिते. मशीन बंद पडली ती मंगला बावस्करच्या हातानं, नानांच्या निवडीनं नाही. कुलूप अध्यक्षांनी लावलं हे खरं, पण ते लागताना गप्प कोण बसलं, तेही नाव हेच. अध्यक्षांनी हवं तर मला वाचनालयातून काढावं. पण ती सूचना आधी भिंतीवरून काढावी.

आणि तुम्ही, हे वाचणारे. हळहळू नका, मला त्याचा उपयोग नाही. येत्या शनिवारी सकाळी दहा वाजता पिंप्राळ्याच्या वाचनालयात या. किल्ली मागा. अर्ज लिहू नका, तोंडानं मागा, मोठ्यानं, प्रत्येकानं. मी पायरीवर जाळी घेऊन बसलेली असेन. दार उघडलं की जो पहिला आत जाईल त्यानं समोरची मैली काढायची, ही लावायची, आणि काढलेली मागच्या नळावर नेऊन धुवायची. साबण लावायचा नाही. नाना लावत नव्हते.