पिंपाशेजारचा पाव्हणा

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी आयुष्यभर एकच प्रश्न विचारत आलो – तू स्वतः पाहिलंस का? उत्तर ठरलेलं... मावसभावाच्या मित्रानं पाहिलं. त्यामुळे आज मीच असलं काही लिहायला बसलोय याचं हसू येतं, थोडी लाजही वाटते. पण एवढं लक्षात घ्या की मी जकात नाक्यावरचा कारकून होतो. संशय हा माझा पोटापाण्याचा धंदा. गाडीतल्या कडब्याखाली काय दडलंय, गठ्ठ्यात काय गुंडाळलंय, हे बघण्यात माझी हयात गेली. सहजासहजी फसणारा माणूस मी नव्हे.

गोष्ट रहिमतपूरची. मोठा दुष्काळ सरून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. पेठेमागच्या बोळात आमचं घर – पुढची खोली बसायची, मधली झोपायची, मागं चूल. घरात मी आणि बायको सुमन, मूलबाळ अजून नव्हतं. माझी धाकटी बहीण इंदू विट्याकडं दिलेली. नवरा मिलिटरीत, तेव्हा पार आसामात. इंदूला छातीचं दुखणं लागलं, मिरजेला दवाखान्यात ठेवावं लागलं, आणि तिची पोरगी शोभी आमच्याकडं आली. पाच वर्षांचीही नसेल. बडबडी, हट्टी, मामीच्या मागं मागं फिरणारी.

आल्या आल्या छान रमली. मग एके दिवशी झोपायच्या वेळी मधल्या खोलीच्या उंबऱ्यावरच अडून बसली. आत यायला तयार नाही. का, तर धान्याच्या पिंपाशेजारी कुणीतरी उभं आहे. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. कडेवर घेऊन आत नेलं तर अंग ताठ करायची आणि डोळे सताड उघडे ठेवून पडून राहायची.

माझा पहिला संशय अर्थातच बायकोवर. जेवत नाही म्हणून पोरीला बागुलबुवाचं भय घातलं असणार. सुमननं कबूल केलं – एकदा म्हणाले होते, पण ते चुलीपाशी आणि दिवसा. मला पटलं नाही. मग शेजारच्या म्हातारीवर संशय घेतला, तिला गोष्टी सांगायची फार हौस. ती बिचारी माझ्याशी महिनाभर बोलली नाही. शेवटी म्हटलं, ही पोरगीच लबाड आहे, मामीच्या कुशीत झोपायला मिळावं म्हणून नाटक करतेय. पण नाटक करणाऱ्या पोरीचे डोळे असे खोल जात नाहीत. तिचं जेवण तुटलं. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. आणि मी मिरजेला भेटायला गेलो की इंदू स्वतःच्या दुखण्याबद्दल चकार शब्द काढायची नाही, फक्त विचारायची – शोभी नीट झोपती का? मी तोंड भरून हो म्हणायचो.

एका रविवारी मी पिंप ओढून बाहेर काढलं, कोपरा झाडला, भिंत ठोकून पाहिली, बॅटरी मारून शोभीला दाखवलं – बघ, काही आहे का? ती म्हणाली, आता त्यांना टेकायलाबी काय ऱ्हायलं न्हाई.

मला जरा चमत्कारिक वाटलं. ज्याची भीती वाटतेय त्याच्याच सोयीची काळजी? नाक्यावर ड्रायव्हरची उलटतपासणी घ्यायचो तशी मी तिची घ्यायला बसलो.

"दिसतो कसा गं तो?"

"पाव्हण्यावानी. टोपी हाय. पिशवी हाय."

"मग नुसता उभा का राहतो?"

"बसा म्हणून कुणी म्हनलंच न्हाई त्यास्नी."

मला हसूच फुटलं. आमच्याकडं दारात वैरी आला तरी आधी बसा म्हणतात, गूळपाणी पुढं करतात, मग काय ते भांडण. पोरीनं बरोबर पकडलं होतं. म्हटलं, हेच औषध. मी पिंप परत जागेवर लावलं, शेजारी घोंगडं अंथरलं, तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा ठेवला आणि तिला म्हटलं, सांग त्यांना. शोभीनं हात जोडले. "बसा पाव्हणं." मग थोडा वेळ बघून मला म्हणाली, "बसल्यात." आणि अंथरुणावर पडली ती झोपलीच. कितीतरी दिवसांनी पोरगी अशी गाढ झोपली होती. मला माझ्या अकलेचं फार कौतुक वाटलं.

सुमनला मात्र हे आवडलं नाही. कोण, कुठला, काही माहीत नाही आणि गूळपाणी देऊन बसलात, असं म्हणाली. मी तिची टर उडवली. पोरगी भाकरी खायला लागली, गालावर तकाकी आली, आणखी काय पाहिजे? रोज झोपायच्या वेळी घोंगडं, तांब्या, गूळ. सकाळी सगळं जागच्या जागी.

पण ते जागच्या जागी असणंच मला खटकायला लागलं... आमचं घर मुंग्यांचं. साखरेचा डबा पाण्याच्या ताटलीत ठेवावा लागायचा. आणि हा गूळ रात्रभर उघडा, तरी त्याला एक मुंगी नाही! मी त्याच ढेपेतला दुसरा खडा त्याच घोंगड्याच्या कडेला, वीतभर अंतरावर ठेवून पाहिला. सकाळी त्याच्यावर मुंग्यांचं काळं झाकण. पाव्हण्याचा खडा तसाच पिवळाधमक. सुमन काही लावते का म्हणून तिच्यावर पाळत ठेवली. ढेप बदलली. फरक नाही. मी हे कुणाला बोललो नाही. बोललो असतो तर काय म्हणून?

मग तो दिवस आला. दुपारी इंदूचा दीर तानाजी एस.टी.नं थेट नाक्यावर आला. उद्या सकाळी ऑपरेशन आहे म्हणाला. डॉक्टर खात्री देत नाहीत. तो तसाच मिरजेला परत गेला. मी पहाटेच्या गाडीनं जायचं ठरवलं आणि घरी काही सांगितलं नाही – सुमन रडली असती आणि पोरीला कळलं असतं.

जेवणं झाली. मी घोंगडं अंथरायला घेतलं तर शोभी म्हणाली, "मामा, आज नगं. पाव्हणं निघाल्यात."

"कुठं?"

"मिरजंला. आईला घेऊन येतो म्हणत्यात."

माझ्या हातातलं घोंगडं तसंच राहिलं. तिला आई मिरजेला आहे हे ठाऊक होतं, मान्य. पण आजच का? नेमकं आजच का? मी तिच्याकडं पाहिलं, ती खुशीत होती. आई येणार म्हणून. आणि मला मात्र त्या रिकाम्या कोपऱ्यात पहिल्यांदा कुणीतरी पिशवी उचलून उभं आहे असं वाटलं.

आता जे केलं ते सांगतो, हसा खुशाल. आमच्याकडं निघालेल्या पाव्हण्याला कुणी सुखासुखी जाऊ देत नाही. आग्रह करायचा, वाट अडवायची, पिशवी लपवायची. मी, जकातीचा कारकून, मधल्या खोलीच्या दारात आडवा बसलो आणि पिंपाकडं तोंड करून हात जोडले.

"पाव्हणं, असं कुठं असतंय व्हय? ऱ्हावा की. घर तुमचंच हाय. पायजे तितकं दिस ऱ्हावा, पर मिरजंला जाऊ नगासा."

सुमन चुलीपाशी थिजून उभी होती. मी रडत होतो हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. शोभी कोपऱ्याकडं बघत राहिली, मग हिरमुसून म्हणाली, "बसल्यात परत."

सकाळी मी मिरजेला पोचलो तेव्हा इंदूला आत नेलं होतं. ती बाहेर आली, आणि वाचली. डॉक्टरांचे हात चांगले होते, दुसरं काही म्हणायचं मला कारण नाही. पण शुद्धीवर आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी ती मला जरा रुसूनच म्हणाली – ऑपरेशनच्या आदल्या रात्री सारखं वाटत होतं, घराकडनं कुणीतरी न्यायला निघालंय. लुगड्याचं गाठोडंसुद्धा बांधून उशाला ठेवलं होतं. "लय वाट बघितली दादा. कोन आलंच न्हाई."

दवाखान्यातून सोडल्यावर इंदू शोभीला न्यायला आली. पोरगी उड्या मारत निघाली. जाताना तिला मी हळूच विचारलं, पाव्हणे तुझ्याबरोबर येणार का? ती म्हणाली, न्हाई, तुमी ठेवून घेतलंय न्हवं.

याला बरीच वर्षं झाली. शोभीला यातलं काहीच आठवत नाही. कदाचित सगळा योगायोग असेल, लहान पोरीचे खेळ असतील... मुंग्यांचं कोडं मला अजून सुटलेलं नाही. एकदा वाटलं होतं, आता या म्हणावं. पण आपणच ठेवून घेतलेल्या पाव्हण्याला जा कसं म्हणायचं? आणि म्हटलं, तर तो इथून कुठं जाईल, हा संशय माझ्या मनातून कधी गेला नाही. त्या रात्रीनंतर घोंगडं सुमनच अंथरायची; ती वारल्यापासून मी अंथरतो.

मुलगा पुण्याला ये म्हणून मागं लागलाय. घर विकून टाकू म्हणतो. परवा इंदूचाही फोन आला. पंच्याहत्तरी ओलांडली तिनं, पतवंडं खेळवते, आवाज अजून खणखणीत. मला रागावली. "दादा, काय ठेवलंय त्या घरात? कुणासाठी अडून बसलाईस?"

तिला काय सांगणार? म्हटलं, मला इथली हवा मानवते.