पिन्नीचा डबा मी परत दिला

मैत्रिणींनो, आज मी एका साहेबाला दारातूनच परत पाठवलं, आणि मला भारी आनंद झालाय!

माझी नात ईरा इथे उत्तरेकडे, नॉलेज सिटी नावाच्या संशोधन संस्थांच्या वसाहतीत संशोधन करते. आमच्या दाराच्या कुलपात बारीकशी चिप आहे, ती कुलूप उघडायचा गुप्त आकडा पिठासारखा कालवून लपवते. ईरा म्हणते, चिप लहान म्हणून कालवणंही हलकंच, त्यात गुठळ्या राहतात, आणि त्यावरून चोराला आकडा काढता येतो. मला चौथी शिकलेलीला एवढंच कळलं.

तिनं कुलपाच्या कंपनीला केव्हाच कळवलं होतं. तेव्हा सगळे गप्प. उद्या ती हे संशोधकांच्या सभेत मांडणार, तर आज कंपनीचा साहेब पिन्नीचा डबा घेऊन हजर! पिन्नी म्हणजे आपल्या डिंकाच्या लाडवासारखी. तुपाचा वास काय सांगू!

"माताजी, बच्ची को समझाइए. कंपनी का नाम खराब होगा."

ईराचा चेहरा उतरला. "आजी, काय करू?"

"बिनधास्त बोल. आधी कुलूप नीट करा म्हणावं, नाव आपोआप नीट होईल."

डबा परत दिला. पिन्नी तशीच, वर माझ्या मूठभर शंकरपाळ्या. दारी आलेल्याला आपण रिकामं थोडंच पाठवतो?

खरं सांगा गं, तुम्ही पिन्नी ठेवून घेतली असती?