फाट्याच्या पुढं

सासरी असलेल्या लेकीला नागपंचमीला न्यायला माहेरचा माणूस येतो. बहुतेक भाऊच. त्याला आमच्याकडं मुराळी म्हणतात. लेक घरी पोचली की आई दारातच तिच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकते, पायांवर पाणी घालते, आणि तिला आणणाऱ्या मुराळ्याच्या पायांवरही घालते. मुराळ्याशिवाय गेलं तर घरात घेत नाहीत असं नाही, पण लोकांची तोंडं अशी होतात की आपण आलोच कशाला असं वाटावं.

माझा मुराळी वीस-बावीस वर्षं न चुकता माझ्या सासरी, हुलसूरला आला. मग अप्पा गेले, आणि शेतातला हिस्सा सोडल्याच्या कागदावर मी सही केली नाही. तेव्हापासून तो यायचा बंद झाला. "सही कर अक्का, दुसऱ्या दिवशी न्यायला येतो," एवढंच तो फोनवर म्हणायचा. धाकटा भाऊ माझा. अप्पांनी त्याला सायकल आणली तेव्हा मागचं कॅरियर धरून मीच धापा टाकत पळाले होते. तो शिकला. मी एकदा सीटवर बसले तर अप्पांनी कान पिळला होता.

पहिल्या वर्षी मी मान बाजूला ठेवला आणि एकटीच बसनं निघाले. माहेर चिंताकीजवळ, पण डांबरी रस्त्यापासून आत. बस फाट्यावर सोडते. तिथं लेकीनं थांबायचं आणि घरच्या माणसानं येऊन पिशवी हातात घ्यायची, अशी रीत. मी फोन केला. भाऊ "येतो" म्हणाला नाही, "बघतो" म्हणाला. मी लिंबाखाली बसून राहिले. येणारे-जाणारे विचारत होते, "कोण यायलंय न्यायला?" दुपारी परतीची बस आली आणि मी तिच्यात चढले. आई दोन किलोमीटरवर होती, तिला कळलंसुद्धा नाही. भावाचा राग आला, पण त्याहून जास्त माझा स्वतःचा आला. धडधाकट दोन पाय असून मी बसून राहिले कशाला? तर रीत हाडात मुरलेली. बस थांबते, म्हणून बाईही थांबते.

पुढच्या पंचमीला मी गेलेच नाही. त्याच्या पुढच्या उगादीला, म्हणजे पाडव्याला, जिन्याखालची सायकल बाहेर काढली. लेकीला आठवीत शाळेतून मिळालेली, पुढं टोपली असलेली, बिनगिअरची. लेक शिकायला कलबुर्गीला गेली होती आणि सायकलीला गंज चढला होता. मी ठरवलं, पंचमीला ह्याच सायकलीवर माहेरी जायचं. हुलसूरहून भालकी, मांजरेचा पूल, औराद आणि पुढं, ऐंशीच्या आसपास किलोमीटर. तेव्हा मला सायकल येतही नव्हती.

आमच्या ह्यांचं दुकान बाजारातच. सकाळी मोकळ्या बाजारात हे एकदा कॅरियर धरायला आले, पण ओळखीचं कोणी दिसलं की हात सोडायचे, आणि हुलसुरात दर मिनिटाला कोणीतरी ओळखीचं दिसतं. मी दोनदा पडले. तिसऱ्यांदा मीच म्हटलं, तुम्ही दुकान उघडा, मी माझी पडते.

"बायकांना बस फुकट हाय की, कामून हाडं मोडून घ्यायलीस?" हे म्हणाले.

"बस फाट्यावर सोडती. मला दारात जायचंय."

"मग मी सोडतो गाडीवर."

"दारापर्यंत?"

बिनबोलावता जावई दारात कसा जाईल? त्यांचीही धाव फाट्यापर्यंतच.

पंधरा दिवसांत तोल आला. मग खरी परीक्षा, बसायच्या जागेची. तीन-चार किलोमीटर झाले की जीव नको व्हायचा. जुन्या वाकळेचा तुकडा चार पदरी घडी करून सीटवर शिवला, तेव्हा कुठं दहा झाले. साडी चाकात जायची म्हणून पंजाबी ड्रेस घातला, त्यावर गल्लीत आठवडाभर चर्चा झाली. झाली तर झाली, मी काही त्यांच्या घरची चूल बंद केली नव्हती.

आणि मग मी माती खाल्ली. चेन कुरकुरायला लागली, तिला मी करडईचं तेल पाजलं. आमच्या घरात दार कुरकुरलं तर करडईचं तेल, गुडघा दुखला तर करडईचं तेल, मग सायकल काय परकी आहे? रोज सकाळी वाटीभर तेल आणि फडकं घेऊन बसायचे. काळ्या मातीची धूळ त्यावर बसत गेली, तेल चिकट होत गेलं, आणि भालकीच्या रस्त्यावर घरापासून बारा-तेरा किलोमीटरवर चेन गुळाच्या पाकासारखी घट्ट होऊन निसटली. मला ती बसवता येईना. एक टेम्पोवाला थांबला. "बसा अक्का, टाकतो सायकल मागं." मी नको म्हटलं. आज टेम्पोत चढले तर पंचमीलाही चढेन, हे मला पक्कं माहीत होतं. भर उन्हात ढकलत घरी आणली. बाजारातून जाताना कोणीतरी हसत म्हणालं, "झालं का माहेर?" मी थांबून त्याच्याकडं नीट बघितलं. तो उगाच मोबाईल काढून बसला.

स्टँडजवळच्या सायकल दुरुस्तीवाल्या चाचांनी चेनला बोट लावलं, बोट नाकाशी नेलं. "अक्का, ये खाने का तेल है ना? बघार देना था क्या चेन कू?" चेनला फोडणी! मीही हसले, हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी चेन रॉकेलमध्ये धुतली. मी म्हटलं, आता उतरवा आणि मला बसवू द्या. त्यांनी दहा वेळा उतरवली, मी दहा वेळा बसवली. पुढचे चार दिवस पंक्चर. ट्यूब पाण्यात धरून बुडबुडा शोधायचा, घासायचं, लावायचं. पैसे देऊ केले तर म्हणाले, "नक्को. पहुंच के फोन करो."

वैशाख-जेठात रोज पहाटे निघायचे. पंधरा, मग पंचवीस, मग आमच्याकडच्या मेहकरपर्यंत जाऊन परत. शेवटच्या रविवारी भालकीला जाऊन आले आणि संध्याकाळी भाकरीही थापल्या. ह्यांनी टोपलीत नवा पंप आणून ठेवला.

पंचमीच्या आदल्या दिवशी उजाडताना निघाले. टोपलीत शेंगांचे लाडू, पाणी, पंप, आणि एक साडी. "फाट्यावर बदल," हे म्हणाले होते. मांजरेच्या पुलावर पहिला लाडू खाल्ला. पुढच्या चढाला दोनदा उतरून चालले, त्याची मला लाज नाही. औरादच्या अलीकडं चेन उतरली. मी ती बसवली, हात ड्रेसलाच पुसले आणि निघाले.

चारच्या सुमारास फाटा दिसला. तोच लिंब, खाली चार माणसं. पाय आपोआप मंदावले आणि एक जमिनीला टेकला. एकानं हात केला, "कोणाची वाट बघायलीस बाई?" मी हँडल वळवलं आणि पायडल मारलं. साडी टोपलीतच राहिली.

दारात भाऊ उभा. "कोणासंगं आलीस?"

मी बोलायच्या आत आई बाहेर आली. माझ्याकडं बघितलं, काळ्या हातांकडं, सायकलीकडं. आत जाऊन भाकरीचा तुकडा आणि तांब्या घेऊन आली. तुकडा ओवाळून टाकला, माझ्या पायांवर पाणी घातलं. मग वाकली आणि उरलेलं पाणी सायकलीच्या पुढच्या चाकावर ओतलं.

"आई, सायकलीचे पाय धुतेत व्हय?" भाऊ म्हणाला.

"मुराळ्याचे धुतेत का न्हाई?" आई म्हणाली. "तू गेलास का आणायला? मग सरक, तिला आत घेऊ दे."

तो सरकला. सायकल आत न्यायला जागा लागतेच. तिसऱ्या दिवशी चहाबरोबर त्यानं तो कागद पुन्हा पुढं ठेवला. मी चहा पिऊन घेतला, चाकांत हवा भरली, आणि पुढच्या पंचमीला कधी येणार ते आईला सांगून निघाले.