थांबासाहेबांचा तास

आमच्या प्रेस शॉपच्या फोरमनना सगळे थांबासाहेब म्हणत. खरं नाव पगाराच्या पाकिटावर असेल, एरवी ते कोणाला आठवत नसे. कोणी घाईने मशीनमध्ये हात घातला की शॉपच्या दुसऱ्या टोकाहून आवाज यायचा, "थांबा!" त्या आवाजाने भिंतीवरचं घड्याळसुद्धा दचकतं, असं आमचा पेंटर म्हणायचा. मी तिथे फिटर होतो. मशीन बिघडलं की माझी आणि साहेबांची गाठ पडायची, आणि मशीनं रोज बिघडायची.

प्रेस म्हणजे पत्रा कापायचं आणि वाकवायचं मशीन. वरून जड ठोकळा खाली येतो. पत्रा सरळ करायला गेलेला हात मधे असला तर ठोकळा त्याला पत्रा समजतो. म्हणून मशीनला दोन बटणं असतात, एकमेकांपासून लांब. दोन हातांनी दोन्ही दाबल्याशिवाय ठोकळा खाली येत नाही. हात बटणांवर असले की ते आत नसतात. इतकं साधं आहे. पण साध्या गोष्टीत माणूस डोकं चालवतो. एका बटणात लाकडाची पाचर ठोकून ते दाबलेलंच ठेवायचं आणि एक हात मोकळा करून घ्यायचा. मग माल भराभर निघतो. कधीतरी बोटही निघतं.

साहेबांनी यावर एक रीत पाडली होती. कोणाला लागलं, किंवा लागता लागता राहिलं, की दुसऱ्या दिवशी पाळी सुरू होण्याआधी मशीनं बंद ठेवून सगळ्यांनी गोल उभं राहायचं. लागलेल्याने मधे येऊन काय झालं ते सांगायचं. त्याला शिक्षा नाही, टोमणा नाही. जो हसेल त्याने आठवडाभर शेड झाडायची. माणूस बँडेजचा हात वर धरून सांगायचा, "पाचर ठोकली होती, लक्ष घराकडे लागलं होतं." की झालं, सगळे कामाला. तो दवाखान्यात असला तर त्याची हकीकत साहेब सांगत. त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. बोट तुटल्याची कोणाला लाज वाटत नाही, आणि शॉपमध्ये लपवण्यासारखं काही नसतंच. रीत चालली. साहेबांच्या हाताखालची बहुतेक माणसं बोटं शाबूत घेऊन निवृत्त झाली. मीही झालो.

साहेब माझ्या आधी निवृत्त झाले. त्यांची सून शाळेत शिक्षिका. एकदा मी त्यांच्याकडे चहाला बसलो होतो, तेव्हा ती शाळेतून वैतागून आली.

"बाबा, आज मुलांना फोनबद्दल सांगायला पाहुणे आले होते. पडद्यावर चित्रं दाखवली. अर्धा वर्ग झोपला, उरलेल्यांनी झोपलेल्यांचे फोटो काढले."

"मग?"

"मग ते फोटो वर्गाच्या ग्रुपवर."

"पाहुणे काय म्हणाले?"

"त्यांनीही वर्गाबरोबर एक सेल्फी काढला आणि गेले."

मी हसलो. साहेब हसले नाहीत. "मुलांच्या हातात हे मशीन दिलं कोणी?"

"आपणच की."

"चालवायला शिकवलं कोणी?"

सून म्हणाली, "कोणी नाही. तेच आपल्याला शिकवतात."

"नवीन माणूस मशीनवर उभा करायचा आणि त्यानेच फोरमनला शिकवायचं," साहेब म्हणाले. "चांगली तऱ्हा आहे."

"मग तुम्ही या ना शिकवायला," सून म्हणाली. तिने ते सहज म्हटलं असावं. साहेबांशी सहज काही म्हणायचं नसतं.

आधी ते स्वतः शिकायला गेले. बाजारात फोन दुरुस्त करणाऱ्याचं दुकान होतं, तिथे स्टूल टाकून बसू लागले. जे हाताने केलं नाही ते शिकवायचं नाही, हा त्यांचा शॉपमधला नियम. खातं उघडलं, बंद केलं, पासवर्ड बदलला, विसरले, परत मिळवला. अनोळखी माणसाला कसं अडवायचं, त्याची तक्रार कशी करायची, आपला फोटो कोणाकोणाला दिसतो ते कुठे बघायचं, कुठला खेळ तुमचं ठिकाण मागतो. समजलं नाही की परत विचारायचे.

दुरुस्तीवाला कंटाळून म्हणाला, "साहेब, तुम्ही गिऱ्हाईक आहात की तपासनीस?"

"दोन्ही नाही. शिकाऊ उमेदवार आहे. सांग, हे परत कर."

माझ्याकडून त्यांनी एक लाकडी पेटी करून घेतली. दोन बटणं, मधे दिवा. दोन्ही दाबली तरच दिवा लागेल. मी तारा जोडल्या आणि पेटी उचलून शाळेत नेली; पुढेही तिची ने-आण माझ्याकडेच. तेव्हापासून दर आठवड्याला, नववी-दहावी एकत्र बसवलेल्या त्यांच्या तासाला मी मागच्या बाकावर. दिवा गेला तर बदलायला म्हणून. दिवा एकदाही गेला नाही. मला ऐकायला आवडायचं.

पहिल्याच दिवशी नववीतलं कोणीतरी कुजबुजलं, "थांबा आला, आता बसपण येईल." टोपणनाव सुनेनेच फोडलं होतं. साहेबांनी ऐकलं आणि म्हणाले, "बस आली की सांग, मलाही जायचंय. तोवर पुढे ये." त्याला पेटीपाशी उभं केलं. "एखाद्यावर राग आला. तू शिवी लिहिलीस. हे पहिलं बटण, दाब. आता फोन ठेव, खिडकीपर्यंत जा, बाहेर काय दिसतं ते बघून ये. दुसरं बटण त्यानंतर."

तो गेला, आला.

"काय दिसलं?"

"सायकल स्टँड."

"अजून पाठवायची आहे शिवी?"

"कोणाला पाठवायची होती तेच विसरलो."

वर्ग खो खो हसला. पण पुढच्या आठवड्यात मुलं एकमेकांना "खिडकी, खिडकी" म्हणून अडवताना मी ऐकली. दुसऱ्याचा फोटो टाकायचा असेल तर दुसरं बटण त्या दुसऱ्याचं, हे साहेबांनी मुलांकडून करून घेतलं. दोघांना पेटीच्या दोन बाजूंना उभं करायचे. फोटोतला माणूस बटण दाबेल तरच दिवा. एका मुलीने दाबायला नकार दिला, कारण फोटोत तिचे केस विस्कटले होते. साहेब म्हणाले, "कारण विचारायचं नाही. नको म्हणजे नको." आणि दुसऱ्याची टवाळी पुढे पाठवणाऱ्यालाही त्यांनी सोडलं नाही. "मी बनवलं नाही, नुसतं पुढे पाठवलं, असं म्हणू नकोस. पत्रा तू सरकवलास."

एकाने विचारलं, "आजोबा, तुमचं खातं आहे?"

"आहे. मित्र कोणी नाहीत."

"आम्ही होऊ?"

"घरी विचारून ये."

"तुम्हाला मित्र करायला घरी विचारायचं?"

"मला करायला तर आधी विचारायचं. म्हातारा माणूस पोरांशी मैत्री का करतोय, हे घरच्यांना कळायला नको?"

तास संपला की ते वाचनालयाशेजारच्या लहान खोलीत बसत. दार उघडं. मुलांना सांगितलं होतं, फोनवर काही झालं असेल तर इथे या. ओरडणार नाही, फोन काढून घेणार नाही. मुलं येऊ लागली. कोणाचं खातं कोणी चोरलेलं, कोणाला ग्रुपमधून काढून टाकलेलं, कोणी स्वतःच वाईट लिहून आता घाबरलेलं. जे घरी सांगत नव्हती ते इथे सांगत. सून म्हणायची, शाळेत एवढी गर्दी फक्त उपाहारगृहात असते.

अशीच नववीतली एक मुलगी आली. एका खेळात तिची एका मुलीशी ओळख झाली होती. रोज बोलणं, रडणं, हसणं, सगळं. तिच्या सांगण्यावरून हिने स्वतःचा एक फोटो पाठवला, पाठवायला नको होता असा. ती मुलगी मुलगी नव्हती. आता पलीकडचा माणूस आणखी फोटो मागत होता. नाही दिले तर पहिला सगळ्यांना दाखवीन म्हणत होता.

साहेबांनी तेव्हा जे केलं त्यात खोट काढायला जागा नाही. "का पाठवलास" हे विचारलं नाही. चूक त्याची आहे, तुझी नाही, हे आधी सांगितलं. काही पुसू दिलं नाही, त्याला उत्तर देऊ दिलं नाही, आलेल्या धमक्या तशाच जपून ठेवायला लावल्या. त्याच दिवशी सुनेला सोबत घेऊन मुलीच्या आईकडे गेले. आईने आधी मुलीचा फोन भिंतीवर आपटायला घेतला, तो साहेबांनी हातातून काढून घेतला. "पुरावा आहे, ताई. आणि पोरगी आपणहून सांगायला आलीय, तिला परत गप्प बसवू नका." सगळे मिळून पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं. तो माणूस दूरचा निघाला, पकडला गेला. फोटो कुठे पसरला नव्हता. मुलगी शाळेत येऊ लागली, तासालाही. पुढच्या बाकावर बसायची.

इथवर सगळं ठीक होतं.

पुढच्याच आठवड्यात साहेब वर्गापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "आपल्यात एक अपघात होता होता टळला. तो सगळ्यांनी ऐकायला हवा." त्यांनी नाव घेतलं नाही. नववी की दहावी तेही नाही. पण कसा खेळ, काय बोलून फसवलं, मुलगी कुणाजवळ बोलली, हे सांगितलं. मुलांना खूण पटावी म्हणून सांगितलं. त्यात एक बारीक गोष्ट अशी होती की वर्गात तो खेळ खेळणाऱ्या कुणालाही ती मुलगी कोण ते कळावं. ती गोष्ट मी इथे लिहीत नाही, कारण तिने नको म्हटलंय.

मी मागून बघत होतो. मुलांच्या माना एकेक करून पुढच्या बाकाकडे वळल्या. साहेबांना ते लक्ष देऊन ऐकणं वाटलं. शॉपमध्ये अशीच शांतता असायची. त्यांनी शेवटी म्हटलं, "त्या मुलीने वेळेवर सांगितलं, म्हणून ती शहाणी." मुलगी बाकाखाली बघत होती. तास संपायच्या आत निरोप ग्रुपवर गेला होता. कोणी काय लिहिलं ते सुनेने नंतर वाचून दाखवायला घेतलं आणि अर्ध्यात थांबली. फोटो कोणीच पाहिला नव्हता. प्रत्येकाने आपापला बनवला.

मुलगी दुसऱ्या दिवशी आली नाही. त्यानंतरही नाही.

साहेब तिच्या घरी गेले, तेव्हा मला बरोबर नेलं. मी दारातच उभा राहिलो. मुलगी आईच्या मागून पुढे आली. रडत नव्हती.

साहेब म्हणाले, "बाळा, मी नाव घेतलं नव्हतं."

"हो."

"बाकीच्यांवर अशी पाळी येऊ नये म्हणून सांगितलं."

"माहितीय, आजोबा. पण मला एकदा विचारायचंत."

साहेब म्हणाले, "वर्गात सगळ्यांसमोर माफी मागतो. चालेल?"

"नको."

"चूक माझी होती एवढंच सांगेन."

"नको ना. परत माझ्याबद्दल काहीच बोलू नका. चांगलंपण नको."

आई म्हणाली, "अगं, त्यांच्यामुळेच तो माणूस सापडला." मुलगी म्हणाली, "हो, म्हणूनच जास्त वाईट वाटतं," आणि आत गेली.

वाटेत साहेब एकच बोलले. "बोट तुटलं की एकदाच तुटतं, फिटर."

मुलीने शाळा बदलली. ज्यांनी ग्रुपवर लिहिलं त्यांना शाळेने शिक्षा केली, त्यांच्या पालकांना बोलावलं. साहेबांना कोणी काही म्हटलं नाही. उलट मुख्याध्यापक म्हणाले, तुमचा हेतू चांगला होता. साहेबांना ते लागलं. पाचर ठोकणाऱ्याचाही हेतू चांगलाच असतो, माल जास्त काढायचा.

तास त्यांनी सोडला नाही. पेटी तीच, खिडकी तीच, मुलं हसायची तशीच. त्यांनी एक नवी गोष्ट शिकवायला घेतली, की कोणी विश्वासाने सांगितलं तर ते पुढे नेण्याआधी त्यालाच विचारायचं, आणि मोठ्यांची मदत लागणार असेल तर कोणाला सांगतोय हेही त्याला सांगायचं. हे कुठून आलं, ते मुलांना सांगता येत नव्हतं. शाळा बदललेल्या मुलीने नको म्हटलं होतं. एका मुलीने उठून विचारलं, "पण आजोबा, तुम्ही तर..." साहेब म्हणाले, "हं." तेवढंच. ती बसली. माफी मागायला तोंड उघडलं असतं तर परत त्या गेलेल्या मुलीबद्दल बोलल्यासारखं झालं असतं.

तास संपल्यावर ते खोलीत बसत. दार उघडं. कोणी येत नसे. मुलं दारासमोरून जाताना नमस्कार करत, गप्पाही मारत, आत पाऊल टाकत नसत. त्या वर्षी दहावीतल्या एकाचं खातं चोरून कोणी त्याच्या नावाने घाण पसरवत होतं. तो पोरगा महिनाभर एकटा सोसत राहिला. खोली पंधरा पावलांवर होती. घरच्यांना कळलं तेव्हा त्याने शाळेत जाणं टाकलं होतं. साहेबांनी हे ऐकलं आणि त्या दिवशी पेटी स्वतः उचलून घरी नेली. मला उचलू दिली नाही.

मी त्यांना म्हटलं, "आता बसत जाऊ नका तिथे. उगाच."

"एखादं आलं, आणि दार बंद असलं तर?"

ते बसत राहिले, तब्येत होती तोवर. मग गेले.

हे लिहायचं मनात आलं तेव्हा मी सुनेमार्फत त्या मुलीला विचारलं. ती आता नोकरी करते. तिने सगळं वाचायला मागवलं, दोन ठिकाणी काट मारली आणि फोन केला. म्हणाली, "लिहा." मग म्हणाली, "काका, त्यांनी विचारलं असतं ना, तर मी हो म्हटलं असतं. तेव्हा नाही. पुढच्या वर्षी वगैरे. मीच उभं राहून सांगितलं असतं."

मी विचारलं, हे तू त्यांना कधी सांगितलंस का.

"सांगणार होते," ती म्हणाली. "त्यांचा नंबर होता माझ्याकडे."